नाकाशी धरलेलं सूत

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी माझे वडील, आण्णा, खळ्यावर होते. इगतपुरीजवळच्या आमच्या गावात भात झोडून झालं होतं, पण उफणायला वारा नव्हता. तीन दिवस सगळे वाट बघत होते आणि नेमकी माझी जीप दारात आली तेव्हा तो सुटला. आण्णा सूप घेऊन स्टुलावर चढले आणि तिथूनच म्हणाले, "वारा आलाय, सोडता नाय यायचं. तू नीघ, पोरी." मला राग आला. तो बरीच वर्षं पुरला.

वारा त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचा. बाही वर करून हात पुढे धरायचे. म्हणायचे, "आधी केसाला कळतं, मग माणसाला."

इथल्या लॅबमध्ये मी तेच करते, फक्त पगार घेऊन. रातकिड्याच्या शेपटीकडे बारीक केस असतात. कोळी झडप घालतो तेव्हा पुढे ढकललेली हवा त्या केसांना लागते आणि किडा उडी मारून सुटतो. तसे केस आम्ही चिपवर उभे करतो, हवेची नुसती चाहूल मोजायला. नव्याने आलेल्याला मी पहिला नियम शिकवते: मोजण्याआधी खोलीतले सगळे पंखे बंद.

गेल्या उन्हाळ्यात आण्णांनी अंथरूण धरलं. माझं तिकीट दोन दिवसांनंतरचं होतं. दुपारी धाकट्या भावाचा, सोमनाथचा व्हिडिओ कॉल आला. आईने वातीच्या कापसाचं सूत काढून आण्णांच्या नाकाशी धरलं होतं. "ताई, आम्हाला कळत नाय. तुझं कामच हे हाय, तूच सांग."

सूत हललं. पुन्हा हललं. मी ओरडले, "श्वास चालू आहे! आई, आण्णा आहेत!" आई रडता रडता हसली आणि त्यांच्या कपाळावरून हात फिरवू लागली.

तेवढ्यात गावातली लाईट गेली. वरचा पंखा हळूहळू थांबला, आणि सूतही.

मला कोणी बोल लावला नाही. आई तर म्हणाली, "तुझ्यामुळं घटकाभर अजून होते माझ्यापाशी." त्यापेक्षा तिने दोष दिला असता तर बरं झालं असतं.

यंदा सुगीला गेले. सोमनाथ आता खळ्यावर मोठा पंखा लावून उफणतो. वाऱ्याची वाट बघणारं घरात कोणी उरलं नाही. मी त्याला पंखा बंद करायला लावला आणि बाही वर करून हात पुढे धरला.

"ताई, वारा नाय आज," तो हळूच म्हणाला.

मला माहीत होतं. तरी हात खाली घेववेना.