अकरा घरांतल्या जाळ्या

नवी घरघंटी घरात आली की पहिले आठ दिवस तिचं नव्या सुनेसारखं कौतुक असतं. पुसतील काय, झाकतील काय, शेजारणीला बोलावून दाखवतील काय. नवव्या दिवशी कोणीतरी धुतलेले ओले तांदूळ तिच्या तोंडात ओततं, ती घूं करून बसते, आणि मग कौतुक संपून तक्रार सुरू होते. तिथून पुढे भागीरथीचं काम.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये टेकचंद या सिंधी सेठचं दुकान होतं. घरघंट्या, मिक्सर, शिलाई मशीन, असला माल. विकायचं काम सेठचं, आणि विकल्यावर गिऱ्हाइकाला तोंड द्यायचं काम भागीरथीचं. सोळा वर्षं तिने तेच केलं. बुवापाड्यातून रिक्षाने यायची, पिशवीत दोन पाने, एक ब्रश, एक स्क्रू ड्रायव्हर आणि डब्यात भाजी-चपाती. शिक्षण चौथी नापास. पण मशीन दारातून ऐकून सांगायची, पट्टा सैल झालाय की दातात खडा अडकलाय.

नव्या घरी गेली की तिची एक रीत असे. आधी घरच्या बाईकडून मशीनला हळदकुंकू लावून घ्यायचं. मग पहिलं किलोभर दळण काढायचं आणि ते पीठ खाऊ द्यायचं नाही, कारण त्यात कारखान्याचं तेल आणि धूळ येते. त्याचे दिवे करायला लावायची. बायका खूश. कोणी नारळ हातात ठेवायच्या, कोणी ब्लाउजपीस द्यायच्या. निघताना झाकणाच्या आतला कंपनीचा नंबर दाखवून म्हणायची, "ह्याच्यावर करू नका. तिथली बाई एक दाबा, दोन दाबा करते आणि गाणं लावून जेवायला जाते. मला करा. मी आहे ना."

मी आहे ना. हे बोलायला काही लागत नाही, निभवायला जन्म जातो. भागीरथीचा नवरा लवकर गेला, घरदार म्हणावं तर दोन खोल्या, दागिना म्हणावा तर कानातल्या कुड्या. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत शेकड्यांनी घरं तिला नावानिशी ओळखत होती, हीच काय ती तिची श्रीमंती.

दोन वर्षांमागे कंपनीने ते मॉडेल बंद केलं. पार्ट यायचे थांबले. सेठने दुकानात मोबाइलची कव्हरं आणि काचा लावल्या आणि भागीरथीला समजावलं, "भागीबाई, नया सिम ले लो. पुराना नंबर फेक दो. कंपनीच नाय राहिली, तुम कायको कंपनी बनती हो?"

"सेठ, लोकांनी तुमचं तोंड बघून नाही घेतली मशीन."

"वडी, मेरा तोंड इतना खराब है क्या?" सेठ हसला. माणूस वाईट नव्हता. गिऱ्हाईक एकदा पायरी उतरलं की त्याच्या मनातूनही उतरायचं, एवढंच.

फोन येतच राहिले. आणि बहुतेकांची तक्रार एकच, जाळी फाटली. जाळी म्हणजे घरघंटीचा जीव. आतले दात धान्य फोडतात आणि जाळी ते पुरतं बारीक होईतो अडवून धरते. ती फाटली की अर्धे गहू आणि अर्धं पीठ हातात हात घालून डब्यात उतरतात. शेवटी सेठनेच एक पत्रेवाला सांगितला. कॅम्प पाचमध्ये छोट्या प्रेसवर तो हव्या तशा जाळ्या पाडून द्यायचा. त्याने जुनी जाळी बघितली आणि म्हणाला, "सेम टू सेम." भागीरथीने आधी एक स्वतःच्या घरच्या मशीनला लावली, आठवडाभर ज्वारी दळली, भाकऱ्या खाल्ल्या. पीठ कसं, अगदी रेशमासारखं. मग तिने अकरा घरी त्या जाळ्या बसवल्या आणि अकरा घरांनी तिला दुवा दिला. बऱ्याच दिवसांनी तिला शांत झोप लागली.

श्रावण सरताना बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून विठाचा फोन आला. विठा म्हणजे पाड्यावरची एकटी घरघंटीवाली, चार घरचे तांदूळ तीच दळून द्यायची.

"बाय, तुजी जाली फुटली गो. म्हाताऱ्याचे हिरडीत पत्रा घुसला. रगत थांबत नाय."

भागीरथी मिळेल त्या गाडीने पाड्यावर पोचली. विठाचा नवरा दौलतराव ओसरीवर गालाला फडकं लावून बसला होता. रक्त थांबलं होतं, गाल मात्र पावासारखा फुगला होता.

"पाच दात उरले व्हते," तो फडक्याआडून म्हणाला. "त्यातला एक तुज्या जालीनं नेला. आता चारांचं गणित सोपं पडंल."

भागीरथीला हसूही येईना नि रडूही येईना. तिने मशीन उघडली. जाळीच्या कडेला भोकांच्या रांगेतून तडा गेला होता आणि तिथून सुईएवढे कण सुटत होते. अस्सल जाळी स्टीलची, जाड. ही पातळ पत्र्याची. आठवडाभर टिकते, दोन महिन्यांनी फुटते. तिने दळून बघितलं होतं ते फक्त आठवडाभर.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या मशीनची अस्सल जाळी, पत्र्याची पारख करताना काढून ठेवलेली, नेऊन विठाच्या मशीनला बसवली. तीच एक शिल्लक होती. राहिली दहा घरं. त्या दहा घरांत रोज पीठ पडत होतं, रोज भाकरी होत होती, आणि कुणाच्या ताटात तो कण कधी येईल याचा नेम नव्हता.

सुनेने, नेत्राने, रात्री जेवताना ऐकून घेतलं. पोरगी ऑफिसात जाते, डोकं सरळ आहे. म्हणाली, "आई, तुम्ही फिरू नका. मी मेसेज टाकते." तिने छान मोठ्या अक्षरात लिहिलं, जाळी धोकादायक आहे, मशीन बंद ठेवा. दहाही घरी पोचला, दहाही जणांनी वाचला. चौघांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दोघांनी अंगठा. एकीने गुलाबाच्या फुलावर सुप्रभात. मशीन एकानेही बंद केली नाही.

मग काय, भागीरथीने पिशवी उचलली आणि निघाली.

पहिल्या पाच-सहा घरी जाळी मिळाली, मान मिळाला नाही. एका बाईने विचारलं, "काढताय, मग दुसरी कधी लावताय?" दुसरी नाही म्हटल्यावर तिने पाण्याचा पेला पुढे केला होता तो तसाच मागे घेतला. दुसऱ्या घरी तर म्हातारा म्हणाला, "चांगली चाललेली मशीन बंद पाडायला आलात होय." खरंच होतं त्याचं. जिथे जिथे ती गेली तिथे तिथे चालती मशीन बंद पडली, आणि बंद पाडणारी तीच होती. धोका कोणाला दिसत नव्हता, पिशवीत जाळी घालून निघालेली भागीरथी मात्र सगळ्यांना दिसत होती.

अंबरनाथला विष्णुपंत राहायचे. कारखान्यात मोठे अधिकारी होते, निवृत्त झाले तरी घरात फाइल ठेवायचे. घरघंटीचीही फाइल होती, हमीपत्र प्लास्टिकमध्ये घालून.

"असं तोंडी चालत नाही, बाई. लेखी द्या."

"मला लिहिता कुठं येतं, दादा."

"मी लिहितो. तुम्ही सही करा."

त्यांनी सुंदर अक्षरात लिहून काढलं, की सदर जाळी सेवा प्रतिनिधीने सदोष असल्याचे मान्य करून परत घेतली आहे. तीन प्रती. भागीरथीने तिन्हीवर भा काढला आणि पुढची अक्षरं आठवून आठवून जोडली.

"आता बदली जाळी केव्हा?"

"नाही मिळणार, दादा. कुठेच नाही."

"मग याला ग्राहक सेवा म्हणतात का?"

भागीरथीने जाळी पिशवीत घातली. याचं उत्तर तिलाही हवं होतं. जिन्यापर्यंत पोचवायला त्यांची बायको मीनलताई आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. वर्ष झालं, मी दळण बाहेरच्या गिरणीतूनच आणते. ह्यांना कुठे कळतंय."

असं करत नऊ घरं झाली. राहिली ती बदलापूरची, शिरगावातली सुरुची.

ही सगळ्यात जवळची. नवऱ्याची नोकरी सुटल्यावर हिने पिठांचा धंदा मांडला, भाजणी, मोदकाचं पीठ, उपवासाचं राजगिऱ्याचं. सुरुवातीला भागीरथीनेच तिला शिकवलं होतं, कुठलं धान्य किती वाळवायचं, कुठल्या पिठाआधी मशीन कशी झाडायची. भागीरथीला ती मावशी म्हणायची.

चौथ्या मजल्यावरच्या तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पिठाच्या पिशव्या भिंतीला लावून रचलेल्या, सगळ्यांवर नावं. गणपती पाच दिवसांवर आले होते.

"बसा मावशी, चहा टाकते."

"चहा नको. मेसेज वाचलास ना?"

"वाचला. मशीन मस्त चाललीय."

"दोन महिने झाले त्या जाळीला. विठाकडची पण मस्तच चालली होती."

सुरुचीने चहा टाकलाच. गॅससमोर पाठ करून म्हणाली, "गणपती होऊ दे. दहा दिवस. मग मीच आणून देते तुम्हाला."

"तोवर लोकांच्या तोंडात जाईल गं."

"मी चाळून देते ना. दोनदा चाळते."

"सुईसारखा कण असतो, चाळणीतून उभा निघतो. मी बघितलाय."

"मग दुसरी जाळी द्या. आत्ता बसवा, आत्ता ही काढा."

भागीरथीने पिशवीकडे बघितलं. पिशवीत नऊ जाळ्या होत्या, एकही बसवण्यासारखी नाही.

"मी करते तुझं दळण," ती म्हणाली. "रोज येते. पोती खाली उतरवते, गिरणीतून दळून आणते."

"गिरणीत माझ्या आधी कोणाचे तरी गहू असतात, मावशी. माझी माणसं उपवासाची. एकीला गव्हाचा वास आला तर संपलं." तिने कप पुढे ठेवला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "तुम्ही म्हणाला होतात ना, कंपनीला नको, मला विचार. मी आहे. मी तुमच्यावर विसंबून राहिले. आता तुम्हीच बंद करा म्हणता, मग मी काय करू ते पण तुम्हीच सांगा."

भागीरथी मशीनकडे गेली. पाना हातात घेतला. सुरुची मधे येऊन उभी राहिली. ढकललं नाही, ओढलं नाही, नुसती उभी. हात पिठाने पांढरे, डोळे रात्ररात्र न झोपलेले.

"मावशी, नका."

ढकलून काढता आली असती जाळी. चार स्क्रूंचं तर काम. पण लोकांच्या घरात शिरून लोकांच्या बाईला बाजूला सारायचं, हे भागीरथीच्या हाताला कधी शिकवलंच नव्हतं कोणी. तिने चहा घेतला. कप विसळून ठेवला. दारात थांबून एकदाच म्हणाली, "निदान लहान पोरं असतील त्या घरी देऊ नकोस."

"बघते," सुरुची म्हणाली. हा नकारच होता, दोघींना कळलं.

खाली येऊन तिने सेठला फोन लावला. का लावला कोण जाणे. माणूस बुडताना काडीला धरतो म्हणतात, ही तर काडीही नव्हती.

"छोड़ो ना भागीबाई," सेठ म्हणाला. "दस घरका हो गया ना? एक घर में क्या होता है."

"एकाच घरचं पीठ दीडशे घरी जातं, सेठ."

पलीकडे कोणीतरी काच बसवायला आलं असावं. सेठने फोन ठेवला.

बिल्डिंगच्या फाटकात रिक्षाची वाट बघत ती उभी राहिली. ऊन तापलं होतं. वॉचमन खुर्ची देऊ का म्हणाला, ती नको म्हणाली. तेवढ्यात वर चौथ्या मजल्यावर मशीन सुरू झाली. आधी जरा थरथर, मग सलग घुमणं. भागीरथी मान वर करून ऐकत राहिली. कुठे करकर येते का, कुठे अडखळते का. नव्हती अडखळत. आवाज एकसारखा, पीठ बारीक पडत होतं.

रिक्षा आली. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, स्टेशन का. ती अजून ऐकतच होती.