जंतांचे कैवारी

आमच्या साडूंइतका जंतांवर जीव लावणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. लोक कबुतरं पाळतात, गुलाबाची कलमं करतात, जुनी नाणी जमवतात; साडूभाऊ दुसऱ्यांच्या पोटातल्या जंतांची ख्यालीखुशाली विचारत. ते धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात कारकून. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढाच काय तो आमचा संबंध. पण तो पुरेसा होता. भेटल्यावर माणसं 'काय, बरं आहे ना?' असं विचारतात आणि पुढे जातात. साडूभाऊ 'पोट काय म्हणतं?' असं विचारत आणि उत्तराची खरोखर वाट बघत थांबत. नव्या माणसाशी ओळख करून दिली की त्यांची नजर आधी पायांकडे जाई. पाय अनवाणी दिसले तर चेहरा खुलत असे. एकदा माझे साहेब आमच्या क्वार्टरवर जेवायला आले होते. बायकोनं झणझणीत शेवभाजी केली होती. साडूंनी रश्श्यातली एक जाड शेव चमच्यावर घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि साहेबांना अतिशय अदबीनं म्हणाले, "साधारण एवढाच असतो बघा. फक्त रंग फिका." त्यानंतर साहेबांनी आमच्याकडे कधी चहापलीकडे काही घेतलं नाही.

एसटीनं कुठंही जाताना त्यांच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला मायक्रोस्कोप असे. टपावर टाकायची सोय नव्हती, धक्के बसतात म्हणून. धुळे-भुसावळ गाडीतल्या एका कंडक्टरनं एकदा "आत देव आहे का?" असं भाबडेपणानं विचारलं, तर हे म्हणाले, "देव नाही, देव दिसायची सोय आहे." कंडक्टरनं गाडीतल्या एका बाईला उठवून यांना खिडकीची जागा दिली.

पण हा नुसता चक्रमपणा नव्हता. एका संध्याकाळी आमच्या अंगणात खाटेवर बसून त्यांनी मला समजावलं होतं. "साडूभाऊ, लोकांना वाटतं, जंत शिरला की शरीरानं त्याला मारून टाकावं, संपलं. पण मारताना जी आग होते, ती आपल्याच आतड्यात होते ना! आणि काही जंत इतके चिवट, की वर्षानुवर्षं जात नाहीत. रोज जोरात हल्ला करत बसलं तर जंत राहील बाजूला, आतड्याचीच चाळण होईल. म्हणून शरीर हल्लाही करतं आणि स्वतःला आवरतंही. सूज किती येऊ द्यायची, कुठं थांबायचं, हे आत ठरतं. कसं ठरतं, तेवढं मला कळलं पाहिजे." मी मान डोलावली. मला त्या वेळी फक्त डास कळत होते.

या सगळ्याचा सर्वांत जास्त राग आमच्या सासूबाईंना होता. त्या चोपड्याकडच्या एका खेड्यात राहायच्या. सासरे गेल्यावर शेती त्यांनी एकटीनं सांभाळली. केळीच्या बागेत ओल्या मातीतून दिवसभर अनवाणी फिरायच्या. चप्पल घालून शेतात जाणं त्यांना पटत नसे. साडूभाऊ जेवायला बसले की त्या वाढून झाल्याबरोबर आत निघून जात. "धुयाना पाव्हना बठ्ठा शानपना ताटवरच सांगस," असं त्या माझ्या बायकोला अहिराणीत म्हणत; म्हणजे धुळ्याचा पाहुणा सगळं शहाणपण ताटावरच सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कधीतरी त्या आजारी पडल्या. पोटात दुखायचं, जुलाब थांबेनात, अंगावरचं मांस उतरलं. आम्ही त्यांना भुसावळला आणलं. आमचे डॉक्टर वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या; शौचाच्या तपासणीत काही निघालं नाही. ते म्हणाले, "आतड्याला सूज आहे. शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटलेलं दिसतंय. स्टेरॉइड सुरू करू, सूज बसेल." मी हे कळवायला बूथवरून धुळ्याला फोन लावला. पलीकडून साडूभाऊ इतक्या जोरात ओरडले, की बूथवाल्यानं मान वर केली. "सुरू करू देऊ नका! मी निघालो!"

संध्याकाळच्या गाडीनं मायक्रोस्कोप आणि साडू दोघंही आले, आणि तडक डॉक्टरांकडे गेले. "डॉक्टरसाहेब, औषधानं सूज बसेल, खरं आहे. पण ती सूज कुणाला आवरून धरण्यासाठी आली असेल तर? ओल्या मातीतून तळपायातून शिरणारा बारीक जंत असेल. शरीर त्याला मारू शकत नाही, पण वाढूही देत नाही. आपण शरीराचाच हात धरला तर तो मोकाट सुटेल. अंगभर पसरेल."

"मला माहीत आहे तो जंत," डॉक्टर म्हणाले. "पण तपासणीत दिसला नाही."

"तो एका तपासणीत सापडत नाही. रोज ताजा नमुना द्या. मी बघतो."

डॉक्टरांनी जरा विचार केला. "दोन-तीन दिवस घरीच सलाइनवर ठेवू. त्यापुढे मला थांबता येणार नाही."

आता खरी पंचाईत झाली. जावयानं सासूकडे मागावी अशी ती वस्तू नव्हे. माझ्या बायकोनं आईला सांगितलं आणि खोलीतून आवाज आला, "ह्या जवाई शे का कोन शे? मी मरी जासू, पन जवाईना हातमा ते देवाव नही!" शेवटी साडूभाऊ स्वतः आत गेले आणि खाटेजवळ जमिनीवर बसले. "आई, तुम्ही मला जावई म्हणून जो मान देता ना, तो परत घ्या. सगळा घ्या. पण एवढं द्या." सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मग त्या लेकीला म्हणाल्या, "डबी कोठे शे?"

व्हरांड्यात उजेडाकडे तोंड करून साडूभाऊ बसले. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सासूबाईंना आता उठून बसवेना. माझी बायको स्वयंपाकघरात रडत म्हणाली, "दाजींच्या हट्टापायी माझी आई जाईल." ते व्हरांड्यात ऐकू गेलं असणार. साडूभाऊ जेवले नाहीत. मला म्हणाले, "माझं चुकत असेल का हो? मला तो दिसावासा वाटतोय म्हणून तर मी अडवून धरलं नाही?" त्या माणसाला मी कधी असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हळूच हाक मारली. "साडूभाऊ, या." मी भिंगाला डोळा लावला. गोल उजेडात काचेसारखा पारदर्शक एक दोरा वळवळत होता. मला वाटलं, आता त्याचं कौतुक सुरू होणार. साडूभाऊ डोळे पुसत म्हणाले, "हलकट!" जंताला दिलेली शिवी त्यांच्या तोंडून मी तेवढी एकदाच ऐकली.

डॉक्टरांनी स्वतः येऊन पाहिलं, साडूंच्या पाठीवर हात ठेवला आणि स्टेरॉइडऐवजी जंतावरच्या गोळ्या लिहून दिल्या. काही आठवड्यांनी सासूबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मागू लागल्या.

त्यानंतर एक नवल घडलं. साडूभाऊ गावी गेले की संध्याकाळी सासूबाई ओट्यावर त्यांच्यासमोर येऊन बसत. "मंग तो जंत काय करस?" असं विचारत. साडूभाऊ सांगत राहायचे, शरीर कसं चिडतं, कसं आवरतं, आणि म्हातारी तूर निवडता निवडता "हं, मंग?" म्हणत राहायची. त्यांच्या बायकोनं, माझ्या मेहुणीनंसुद्धा त्यांचं इतकं कधी ऐकून घेतलं नव्हतं.

सासूबाई पुढे कितीतरी वर्षांनी, वयानं गेल्या. तेराव्याला सगळे पांगले तेव्हा साडूभाऊ ओट्यावर एकटेच बसले होते. त्यांना काहीतरी बरं वाटावं म्हणून मी शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "साडूभाऊ, ते एकदा मला नीट सांगा. शरीराला थांबायचं कसं कळतं?"

त्यांनी केळीच्या बागेकडे नजर वळवली. मग म्हणाले, "खरं सांगू? मलाही ते अजून पुरतं कळलेलं नाही. आईंना सांगताना मात्र कळल्यासारखं वाटायचं."