खदानीचं पाणी आणि गोधडीचा पंचनामा

तीसेक वर्षांच्या नोकरीत मुद्देमाल म्हणून काय काय नाही पाहिलं! कोयते, सायकली, तांब्याच्या तारा, एकदा तर चोरीचा बोकड ठाण्याच्या आवारात आठ दिवस बांधून ठेवावा लागला होता. पण मुद्देमाल म्हणून ओली गोधडी आली ती एकदाच. ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, आणि जाऊ नये असंच वाटतं.

निवृत्तीला दीडएक वर्ष उरलं होतं. जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. ठाण्याचं आणि गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. मंडळी आपापल्या जागी सुखात आहेत, त्यांना उगाच कशाला छापायचं?

सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो. तेवढ्यात गिट्टी खदानीचा मुकादम दोन माणसांसह आला. त्या दोघांनी आणलेलं करड्या चिखलाचं बोचकं व्हरांड्यात धपकन टाकलं. फरशी नुकतीच धुतलेली! माझं डोकं तिथंच फिरलं.

"हे काय आणलंय?"

"पुरावा हाय साहेब," मुकादम म्हणाला.

त्याची तक्रार अशी. खदानीच्या खड्ड्यात पाणी साचतं, ते मोटर लावून पाइपाने नाल्यात सोडतात. नाल्याकाठी भाजीपाला करणारा एक म्हातारा बागवान आहे, गाव त्याला चाचा म्हणतं. त्या चाचाने पाइपाच्या तोंडात गोधडी कोंबली. पाणी पुढे जाईना, मोटर जळाली. जाब विचारायला गेलं तर विळा घेऊन अंगावर धावून आला. अर्जासोबत मुकादमाने एक सरकारी कागद जोडला होता. खदानीच्या पाण्याचा नमुना तपासला असून पाणी नियमात बसतं, असा प्रयोगशाळेचा अहवाल.

मी अर्ज चौकशीवर ठेवला आणि शिपायाला चाचांना आणायला पाठवलं. शिपाई फाटकाबाहेर पडतोय तोच चाचा आणि चाची स्वतःच येऊन उभे राहिले. चाचा साठीचे, किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी. चाची गुडघ्यावर हात ठेवून चालणारी, पण आवाज खणखणीत.

"पाइपात गोधडी तुम्ही कोंबली?" मी विचारलं.

"हाव साहेब. झूट काऊन बोलू?" चाचा म्हणाले. "पण इळ्याचं खोटं हाय. मी मेथी कापून राह्यलो होतो, हातात इळा होताच. त्याच्या अंगावर कायले जाऊ मी?"

"अन् गोधडी माही हाय," चाची मधेच म्हणाली. "म्याच देल्ली. लिहायचं तं माह्यं नाव लिहा."

पुढे त्यांनी सांगितलं ते असं. त्या पट्ट्यात खाली सगळीकडे पाणी खारं. डोंगराच्या पायथ्याशी एखाद्याच विहिरीला गोडं पाणी लागतं, आणि चाचांची विहीर त्यातली. त्या पाण्यावर मेथी, कोथिंबीर, वांगी. आठवडी बाजारच्या दिवशी गाव रिकामं होतं, शेतात चिटपाखरू नसतं. खदान नेमकी त्याच दिवशी पाणी सोडायची. चाचाही बाजारात भाजी विकायला बसलेले असायचे, त्यामुळे कित्येक दिवस त्यांना पत्ताच नव्हता. एका बाजारच्या दिवशी चाचीचे गुडघे धरले म्हणून ती घरी राहिली आणि तिने दुधट पाणी नाल्यातून झिरपून विहिरीत उतरताना पाहिलं. वाफ्यांवर दगडाच्या पिठाचा थर बसलेला, कोथिंबीर पिवळी पडलेली. तहसीलला दोनदा अर्ज दिले. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, नमुना तपासला, पाणी नियमात आहे. मग एका बाजारच्या दिवशी चाचा घरीच थांबले आणि पाणी सुटताच पाइपात गोधडी कोंबली.

आता खरी अडचण ऐका. चाचा-चाचीचं नाव त्या वर्षी हजच्या यादीत लागलं होतं. आयुष्यभराची इच्छा. पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी लागते आणि तो कागद माझ्याच टेबलावर पडलेला. गुन्हा दाखल झाला तर पडताळणीत तसं लिहावं लागणार, मग पासपोर्ट अडकणार. मुकादमाला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने एक कागद तयारच करून आणला होता: खदानीच्या पाण्याने माझ्या विहिरीचं काही नुकसान झालेलं नाही, माझी तक्रार नाही. चाचांनी सही केली की हा तक्रार मागे घेणार.

खरं सांगतो, मीही त्यांना सही करा असंच म्हणालो. "चाचा, सही करा आणि मोकळे व्हा. विहिरीचं मागाहून बघू. हज महत्त्वाचं." मला वाटलं, मी त्यांचं भलंच करतोय.

चाचांनी कागद जवळ ओढला. त्यांनी पेनही हातात घेतलं. चाचीने ते काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब, मक्केहून झमझमचं पाणी आणू आन् घरी येऊन हे पेऊ?" ती म्हणाली. "अल्लाच्या घरी जायच्या अगुदर खोट्यावर सही करून जाऊ? नाई होत आपल्याच्यानं."

मला लाज वाटली, दुसरं काय! "उद्यापर्यंत विचार करा," असं काहीतरी पुटपुटून मी त्यांना घरी पाठवलं.

गोधडीचा पंचनामा करणं भाग होतं. पंच म्हणून गावातला जलसुरक्षक बोलावला. जलसुरक्षक म्हणजे ग्रामपंचायतीचा माणूस, सार्वजनिक विहिरीत टीसीएल टाकण्याचं काम त्याचं. टीसीएल ही पाणी शुद्ध करायची पावडर, तिचा उग्र वास खेडोपाडी सगळ्यांच्या ओळखीचा. "गोधडीचा पंचनामा पहिल्यांदाच पाहून राह्यलो बाप्पा!" म्हणत त्याने हसत हसत सही केली. गोधडी आवारात उन्हात वाळत घातली.

दुपारी जाऊन बघतो तर गोधडी उभी! वाळून अशी कडक झाली होती की भिंतीला टेकवली तरी वाकेना. काठीने दोन ठोके दिले तर करडं पीठ भुरूभुरू खाली पडलं. मी तिथंच थांबलो. ज्या पाण्यातून गोधडीत एवढं पीठ बसतं, ते पाणी नियमात कसं बसतं? अहवाल देणारं खातं मला खोटारडं वाटत नव्हतं. कागदावर शिक्का होता, सह्या होत्या, नमुना घेतला त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचल्याची नोंद होती. मग चूक कुठे?

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर चहा घेत होतो. खदानीवर गिट्टी भरणारी एक बाई शेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे न बघताच बोलू लागली.

"साहेब, नमुना घ्यायले सायेब येतेत ना, ते खदानीत उतरतच नाईत. आफिसात पंख्याखाली बसतेत. बाटल्या मुकादम भरून आणते."

"कुठून आणतो?"

"थे मले नाई माईत. मोटारसायकलवर जाते आन् येते, एवढंच पाह्यलं. माह्यं नाव घेऊ नका." बस लागली आणि ती निघून गेली.

खदानीतलं पाणी भरायला मोटारसायकल कशाला लागते? ठाण्यात येऊन मी तो अहवाल पुन्हा काढला. आकड्यांचा मला भारी कंटाळा, तरी ओळ न् ओळ वाचली. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, उर्वरित क्लोरीन. पुढे आकडा आणि त्यापुढे 'मर्यादेत'. क्लोरीन म्हणजे टीसीएलमधलंच ना, एवढं मला अंधुक माहीत होतं. मी जलसुरक्षकाला बोलावून कागद समोर ठेवला.

"हाव साहेब, तेच थे," तो म्हणाला. "पण हे पाणी कुठलं म्हनता?"

"खदानीचं."

"खदानीच्या पाण्यात टीसीएल कोन टाकते? बेडकं पेतेत थे पाणी!" आणि मग त्याचाच चेहरा बदलला. "थांबा साहेब. मुकादम एक दिवस सकायी माह्या विहिरीवर आला होता. मी पावडर आत्ताच टाकली होती. म्या म्हटलं, तासभर थांब, आता पेशील तं वास मारीन. तं म्हने, चालते, पेयाले नाई पायजे. काचेच्या बाटल्या होत्या त्याच्यापाशी."

मी कपाळावर हात मारला. मुकादमाने चांगल्यात चांगलं पाणी द्यावं म्हणून अख्ख्या गावात निवड केली ती ग्रामपंचायतीच्या विहिरीची, आणि गेला तोही पावडर टाकायच्या वेळेला! तपासणाऱ्यांनी आकडा मर्यादेत आहे का एवढंच पाहिलं. तो आकडा तिथे आलाच कसा, हे कुणी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, पहिल्या वाचनात मीही विचारलं नव्हतं.

मुकादमाला बोलावलं. चौकशीत मी कधी हात उगारला नाही. त्यातून माणूस खरं बोलतोच असं नाही, आणि माझा रक्तदाब वाढतो तो वेगळा. खुर्ची दिली, चहा दिला, इकडचं-तिकडचं विचारलं. कोणत्या मोटरने पाणी उपसता, खड्डा किती खोल, उतरायची वाट घसरडी आहे का. तो सरसावून सांगत होता.

"मग नमुन्याच्या बाटल्या भरायला कोण उतरतं?"

"मीच साहेब. साहेबलोकांचे बूट खराब होतेत."

"खड्ड्यातूनच भरता?"

"आईची शप्पथ!"

"आईला सोडा. तुमच्या खड्ड्यात टीसीएल कोण टाकतं, तेवढं सांगा."

त्याने कप खाली ठेवला. मी अहवालातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि जलसुरक्षकाला आत बोलावलं. तो काही बोलायच्या आधीच मुकादमाची मान खाली गेली.

"मालक दूर राहतेत साहेब," तो हळूच म्हणाला. "त्यायले नुसता कागद पायजे. कागद खराब आला तं पयले माही नोकरी जाईन. मले दोन पोरी हायेत." मग म्हणाला, "इळ्याचंबी मीच वाढवून सांगतलं."

त्याचा जबाब नोंदवला. प्रदूषण खात्याच्या ज्या अधिकाऱ्याने नमुना घेतला होता, त्यांना बोलावून घेतलं. कितीतरी तालुके आणि जीप एक, अशी त्यांची अवस्था. बिचारे लाजले आणि म्हणाले, "बाटलीवर चिठ्ठी मी लावली, भरताना पाहिलं नाही. चूक माझी." कबूल करणारा अधिकारी मला आवडतो. पुढच्या बाजारच्या दिवशी ते स्वतः बूट काढून खड्ड्यात उतरले. दोन पंच, मी आणि काठावर चाची. एक बाटली खड्ड्यातून, दुसरी चाचांच्या विहिरीतून. उन्हात धरल्या तर दोन्ही सारख्याच दुधट. तो अहवाल काय आला असेल हे सांगायला नको.

नाल्यात पाणी सोडणं बंद झालं. एकापुढे एक अशा गाळ बसायच्या टाक्या बांधून, निवळलेलं पाणीच बाहेर जाईल, असा लेखी आदेश निघाला. चाचांच्या विहिरीतला गाळ खदानीच्या माणसांनीच उपसला. अंगावर धावून आल्याचा आरोप जबाबाने निकालात निघाला. राहिली जळालेली मोटर. ते प्रकरण अदखलपात्र होतं, त्याची तशी नोंद करून मुकादमाला न्यायालयात दाद मागण्याची समज दिली. तो काही गेला नाही. पासपोर्टच्या पडताळणीवर जे खरं होतं ते लिहून मी सही केली, आणि ती सही करताना मला फार बरं वाटलं.

मला वाटलं, संपलं. पण हजला निघायच्या आठ दिवस आधी चाचा-चाची ठाण्यात आले. हजला जाण्याआधी ज्याचं कुणाचं मन दुखावलं असेल, नुकसान केलं असेल, त्याच्या दारात जाऊन माफी मागायची असते. ते घरोघर फिरून आले होते.

"साहेब, एक घर राह्यलं," चाचा म्हणाले. "खदानीवर जायचंय. तुमी संगं चाला."

"अहो चाचा, माफी त्याने मागायची तुमची! तुम्ही कसली मागता?"

"त्याचं त्याच्यापाशी. मोटर तं मीच जाळली नं."

मी टोपी उचलली. जीप काढली.

मुकादम नव्या टाक्यांपाशी उभा होता. आम्हाला पाहून त्याचा चेहरा पडला, त्याला वाटलं आणखी काहीतरी निघालं. चाचा सरळ त्याच्यासमोर गेले आणि हात जोडले.

"भाऊ, माह्या हातून तुमचं नुकसान झालं. कहा-सुना माफ करा. मी जाऊन राह्यलो, येतो का नाई कोनाले माईत."

मुकादमाने ते जोडलेले हात दोन्ही हातांनी धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही आलं, लपवत नाही. "चाचा, बाटल्या म्या भरल्या होत्या," तो म्हणाला. "तुमी काऊन माफी मांगता? मले लाजवू नका." हात सोडून त्याने बाहीने डोळे पुसले. मग म्हणाला, "तिथं गेल्यावर माह्यासाठी दुआ करा."

चाचा मान हलवत होते. चाची मात्र गुडघ्यावर हात ठेवून टाकीच्या काठावर चढली होती आणि आत वाकून बघत होती.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. चाची त्या काठावरून मुकादमाला जे म्हणाली, त्याहून जास्त मला सांगता येत नाही.

"दुआ करीन बाबा, तुह्या पोरीयसाठीबी करीन. पण टाकी भरत आली पाह्य. गाळ दर आठ दिवसानं काढत जाय. तेवढं काम दुआनं नाई होत."