वरच्या रांगेतले उंदीर

तळघरात उंदरांचे पिंजरे सांभाळणाऱ्या बाईंना सगळी प्रयोगशाळा मावशी म्हणायची, आणि त्यांना ते बिलकुल खपायचं नाही. "मी कुणाची मावशी? माझ्या बहिणीला मूलबाळच नाही," असं त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. बावीस वर्षं भुसा बदलून आणि बाटल्या भरून उजवा गुडघा कामातून गेला होता. जीभ मात्र शाबूत होती.

त्या वर्षी आतड्याच्या सुजेवर काम करणारी एक डॉक्टरीण आली. पाण्यातून एक रसायन पाजलं की उंदरांचं आतडं सुजतं, रक्त पडतं, वजन उतरतं. त्यावर तिला नवं औषध वापरून पाहायचं होतं. पण आधी सगळ्या उंदरांना सारखीच सूज यायला हवी होती. चोवीस पिंजरे होते, वरच्या रांगेत बारा आणि खालच्या रांगेत बारा.

सोमवारपासून रसायन सुरू व्हायचं होतं. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, खोली थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं. बाईंनी डॉक्टरीणबाईंना दोनदा फोन लावला. तिने उचलला नाही. वायरमन यायला तीन तास लागले. तोवर छताजवळ पारा एकोणचाळीसवर गेला, खाली मात्र तेवढं तापलं नाही. वरचे उंदीर पाय पसरून पडले होते. बाई पाणी बदलत राहिल्या आणि दर अर्ध्या तासाला आकडा नोंदवहीत लिहीत राहिल्या. एकही उंदीर मेला नाही.

दहा दिवसांनी खालचे उंदीर रोडावले, त्यांच्या शेपटीखाली रक्त दिसू लागलं. वरचे टुणटुणीत होते.

"वर साधं पाणी भरलंत तुम्ही," डॉक्टरीण दारातूनच म्हणाली. "स्टुलावर चढायचा कंटाळा."

"बारा बाटल्या रोज भरल्यात. यंत्र बंद पडलं होतं, ते वहीत लिहिलंय."

"गरम हवेने आतड्याची सूज कमी होते होय? काहीही सांगता?"

"मी काय होतं ते सांगितलं. का होतं ते तुम्ही शिकलात, मी नाही."

दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार गेली. त्यात हलगर्जीपणा आणि खोटेपणा असे दोन्ही शब्द होते. निवृत्तीला सात महिने उरले होते. घरी नवरा म्हणाला, "चुकलं म्हणून टाक ना. तोंड झिजतं का?"

"न केलेलं कबूल करू? तू जेव गुपचूप."

विभागप्रमुखांच्या खोलीत बाई नोंदवही आणि वायरमनची पावती घेऊन गेल्या. डॉक्टरीण म्हणाली, "आकडे काय, कुणीही लिहील."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "मग उंदीर फाडा. ते तरी माझी बाजू घेणार नाहीत."

साहेबांनी वही दोनदा चाळली. रसायन सुरू झाल्यावर बुधवारी दोन्ही रांगांमधले दोन-दोन उंदीर मारून त्यांच्या आतड्याचे तुकडे डॉक्टरीणबाईंनीच गोठवून ठेवले होते. साहेबांनी ते तपासायला सांगितले.

आठवड्याने निकाल आला. वरच्या उंदरांच्या आतड्यातही थोडी सूज होती, म्हणजे रसायन त्यांनाही मिळालं होतं. आणि खालच्यांच्या मानाने त्यांच्यात एक प्रथिन कितीतरी जास्त होतं. साहेब म्हणाले, "पेशीला उष्णतेचा चटका बसला की ती हे बनवते. बाकीची प्रथिनं वाकडीतिकडी व्हायला लागली की हे त्यांना धरून ठेवतं. मग पुढचा मार बसला तरी आतड्याचं अस्तर तग धरतं." आणि डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाले, "हे तुम्हाला सुचायला हवं होतं."

ती लालबुंद झाली. संध्याकाळी एका ओळीची चिठ्ठी आली: तक्रार मागे घेत आहे. माफीचा शब्दही नव्हता.

नंतर तीच खाली आली. हाच प्रयोग आता मुद्दाम करायचा होता, मोजून ऊब देऊन, आणि ते काम बाईंशिवाय कुणाला जमणार नव्हतं.

"किती अंश, किती वेळ, सगळं लिहून सही करून द्या," बाई म्हणाल्या. "तोंडी काही ऐकणार नाही."

तिने लिहून दिलं. बाईंनी काम चोख केलं, पारा अर्ध्या अंशानेही हलू दिला नाही. ऊब दिलेल्या उंदरांची आतडी पुन्हा बरीच सावरली. तीन महिने दोघी रोज समोरासमोर येत होत्या. बोलणं चिठ्ठ्यांवरच चालायचं.

एकदा डॉक्टरीणबाईंनी पिंजऱ्यावरचं झाकण धरत विचारलं, "अजून राग आहे?"

"आहे," बाई म्हणाल्या. "हात काढा, चावतात ते."