माझ्यावाचून अडणारी कामे

न्यायालयाचे पाकीट आले तेव्हा मला जपानी नागरिक होऊन तीन वर्षे झाली होती. नागरिकत्व मी भावनेपोटी घेतले नव्हते. सहाव्या वर्षापासून मी टोकियोजवळच्या उरायासूत वाढले. शिक्षण इथलेच, आणि नोकरी नागोयात, मोटारींच्या बॅटऱ्या तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत. पासपोर्ट तेवढा भारताचा होता, आणि परदेशातल्या प्रत्येक परिषदेआधी व्हिसासाठी माझे कामाचे दिवस वाया जात. पासपोर्ट बदलला की दिवस वाचतील, असा सरळ विचार होता. पण नागरिक झाले की मतदारयादीत नाव येते, आणि त्याच यादीतून दरवर्षी चिठ्ठ्या काढून सामान्य माणसांना न्यायाधीशांच्या शेजारी बसवले जाते, ही गोष्ट त्या विचारात धरायची राहून गेली होती.

गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात तीन न्यायाधीशांबरोबर सहा नागरिक बसतात. आरोपी दोषी आहे की नाही हे ते मिळून ठरवतात, आणि दोषी ठरला तर शिक्षाही. मला आलेल्या पत्रानुसार निवडीसाठी शुक्रवारी सकाळी हजर व्हायचे होते. निवड झाल्यास खटला पुढच्या मंगळवारपासून आठवडाभर चालणार होता, आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी आमच्या कंपनीच्या उपाध्यक्षांपुढे माझे सादरीकरण होते. नव्या बॅटरीच्या प्रकल्पाचे नेतृत्व कोणाकडे जाणार हे त्या वीस मिनिटांत ठरणार होते. ते माझ्याकडे यावे म्हणून मी दोन वर्षे राबले होते.

अशी बोलावणी चारचौघांत जाहीर करायला कायद्याने मनाई आहे, पण घरच्यांना सांगायला आडकाठी नाही, म्हणून निवृत्तीनंतर पुण्याला परतलेल्या आईबाबांना फोन केला.

"म्हणजे तू आता माणसांना शिक्षा देणार?" आईने विचारले.

"मी एकटी नाही गं. नऊ जण असतात."

"लहानपणी भावाला एकटीच द्यायचीस. साक्षीपुरावे न घेता."

बाबा मागून म्हणाले, "तिला सांग, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोड आणि मोकळी हो. कंबर म्हणावं. कंबरदुखी कुणाला तपासता येत नाही."

"बाबा, इथे तसं नाही चालत."

"तू लावून तर बघ."

बाबांचा सल्ला मी तत्त्व म्हणून नाकारला. खोटे बोलण्याची मला गरजच वाटत नव्हती, कारण सत्य पूर्णपणे माझ्या बाजूने होते. पत्रासोबत आलेल्या प्रश्नावलीत सूट मागण्याची मान्य कारणे छापलेली होती. वार्धक्य, आजारपण, घरातल्या कुणाची शुश्रूषा. आणि त्यापुढे, स्वतः उपस्थित न राहिल्यास मोठे नुकसान होईल असे महत्त्वाचे काम. त्या शेवटच्या चौकटीत मी ठळक खूण केली. पुरावा जोडण्याची मुभा होती, म्हणून प्रकल्पाचा संपूर्ण आराखडा जोडला. चार पाने, एकेचाळीस कामे, प्रत्येकासमोर मुदत, जोखीम आणि जबाबदार व्यक्ती. एवढा नीटनेटका पुरावा त्या कचेरीला क्वचितच मिळाला असेल अशी माझी खात्री होती.

ती खात्री खरी ठरली. दहा दिवसांनी न्यायालयाच्या लिपिक विभागातून एका बाईंचा फोन आला.

"आपण पाठवलेली कागदपत्रे आम्ही अत्यंत आदराने वाचली," त्या म्हणाल्या. "इतकी स्पष्ट मांडणी फार कमी जण करतात. फक्त सातव्या स्तंभाविषयी एक लहानशी शंका होती."

आराखडा माझ्यासमोर नव्हता, आणि तो पाहायची गरजही नव्हती. सातवा स्तंभ पर्यायी व्यक्तीचा. जबाबदार माणूस आजारी पडला तर काम कोण करील, हे लिहिल्याशिवाय आमच्या प्रयोगशाळेत कोणत्याच आराखड्यावर शिक्का उमटत नाही. त्यामुळे एकेचाळीस कामांसमोर मी एकेचाळीस वेळा पर्याय लिहिला होता.

"गुरुवारच्या सादरीकरणासमोरही एक नाव दिसते," बाई म्हणाल्या. "ते गृहस्थ त्या दिवशी उपलब्ध नसतील का?"

"असतील."

"त्यांना विषयाची माहिती नसेल कदाचित?"

"आहे."

"असे होय," त्या म्हणाल्या, आणि मग इतका वेळ, इतक्या आदराने गप्प राहिल्या की वाक्य पूर्ण करण्याचे काम माझ्यावर येऊन पडले. मी ते केले नाही. शेवटी त्यांनीच सांगितले की निर्णय अर्थातच न्यायाधीशांचा, आणि निवडीच्या दिवशी मला पुन्हा विनंती करता येईल.

तो पर्याय म्हणजे पन्नाशीचे एक अभियंते. ते दुसऱ्या कारखान्यातून बदली होऊन आले होते. बोलणे संथ, आणि प्रत्येक वाक्याआधी थोडे थांबण्याची सवय. पर्याय म्हणून मी त्यांना निवडले होते ते याच कारणासाठी. त्यांच्यापासून मला धोका नव्हता. आमच्या विभागप्रमुखांनी मात्र सारे मनावर घेतले. न्यायालयीन कर्तव्यासाठी विशेष रजा त्यांनी त्याच दिवशी मंजूर केली, माझ्या बैठका वाटून दिल्या आणि त्या गृहस्थांना सरावाला बसवले. "तुम्ही अगदी निश्चिंत जा," ते मला म्हणाले. "इथे काहीही अडणार नाही." याहून भयंकर आश्वासन मला आजवर कुणी दिलेले नाही.

शुक्रवारी आम्ही तीसएक जण न्यायालयाच्या एका उजळ खोलीत बसलो होतो. तिथे कुणालाही नावाने हाक मारत नाहीत. मी सतरा क्रमांकाची होते. एका घरात झालेल्या मारहाणीत मृत्यू घडला, इतकीच प्रकरणाची रूपरेषा सांगून एक कागद दिला गेला. आरोपीला ओळखता का, मृताशी नाते आहे का, निष्पक्ष निर्णय देण्यात काही अडचण आहे का? तिन्ही ठिकाणी मी "नाही" वर खूण केली. दहा सेकंदही लागले नसतील.

शेजारचे अठरा क्रमांकाचे आजोबा निवृत्त बसचालक होते. सत्तरी उलटलेल्यांना नुसते कळवले तरी सूट मिळते. हे हौसेने आले होते.

"घरी माझं कुणी ऐकत नाही," ते कुजबुजले. "इथे नऊत एक मत तरी पडेल."

"तुमच्या बायकोला सांगितलंत?"

"सांगितलं. ती म्हणाली, आरोपीचं काही खरं नाही."

मग लहान गटांनी आत बोलावले. मुख्य न्यायाधीशांनी माझी चार पाने हातात घेतली आणि सौम्यपणे विचारले, "क्रमांक सतरा, सूट मिळावी ही विनंती अद्याप आहे का?"

हो म्हणायचे तर माझ्या जागी नेमलेले ते गृहस्थ सादरीकरणाला लायक नाहीत असे न्यायालयात सांगावे लागणार होते. आणि त्यांची पात्रता मीच लेखी प्रमाणित केली होती, तीही चौथ्या पानावर. शिवाय उरलेल्यांतून सहा सदस्य आणि दोन राखीव निवडायचे. माझा क्रमांक येण्याची शक्यता जेमतेम एक तृतीयांश होती.

"नाही," मी म्हणाले. पुढची वीस मिनिटे मी स्वतःला कर्तव्यदक्ष नागरिक समजत होते. मग संगणकाने चिठ्ठ्या काढल्या. पडद्यावर अठरा क्रमांक आला. सतरा आला नाही. आजोबांनी उठून जॅकेटची बटणे लावली. लिपिक बाईंनी माझे आभार मानले आणि मला दारापर्यंत सोडले.

भुयारी रेल्वेने मी थेट प्रयोगशाळेत गेले. बैठकीच्या खोलीत सराव चालू होता, म्हणून दारातच थांबले. थंडीच्या चाचणीत आमचा एक सेल फुगला होता. ते अपयश मी एकोणिसाव्या स्लाइडवर, बारीक अक्षरांत, तळाशी ठेवले होते. गृहस्थांनी सुरुवातच तिथून केली. हे असे बिघडले, का बिघडले, आणि म्हणून पुढचे सगळे असे रचले. संथपणे, मध्ये थांबत. त्या थांबण्यात ऐकणाऱ्याला विचार करायला वेळ मिळत होता. दोन वर्षांत माझ्या लक्षात न आलेली रचना त्यांना दोन आठवड्यांत सापडली होती.

मला पाहताच त्यांनी पॉइंटर टेबलावर ठेवला. "निवड झाली नाही का? मग गुरुवारी तुम्हीच करा. काम तुमचेच आहे."

विभागप्रमुख म्हणाले, "तुम्ही दोघे ठरवा."

"नको," मी म्हणाले. "तयारी तुमची झाली आहे."

"छे छे, कृपया तुम्हीच करा."

इथल्या रीतीप्रमाणे मी आणखी दोनदा तरी नको म्हणायला हवे होते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी विभागप्रमुखांनी मध्ये पडून त्यांचे नाव कायम केले असते, आणि तेच योग्य ठरले असते. हे मला त्या क्षणी पूर्णपणे कळत होते. निष्पक्ष निर्णयाला लागणारी सारी माहिती समोर होती.

"बरे," मी म्हणाले.

गुरुवारी मी फुगलेल्या सेलपासून सुरुवात केली. त्यांच्याच क्रमाने, आणि त्यांच्याच जागी थांबत. ते दुसऱ्या रांगेत बसून मन लावून ऐकत होते. संपल्यावर उपाध्यक्ष म्हणाले, "स्वतःचे अपयश पहिल्याच स्लाइडवर ठेवायला धैर्य लागते. ही कल्पना कोणाची?"

विभागप्रमुख आपल्या कागदांकडे पाहत होते. त्या गृहस्थांनी मात्र माझ्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात मागणी तर सोडाच, अपेक्षाही नव्हती.

"विभागाची," मी म्हणाले.

उपाध्यक्षांनी मान डोलावली. प्रकल्प माझ्याकडे येणार हे त्यांच्या चेहऱ्यावर मला तेव्हाच वाचता आले. मग शेजारच्या संचालकांकडे झुकून ते हळूच काही बोलले. खोली लहान असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेले.

"एवढी हुशार, आणि किती नम्र."