व्हिओलांना दिलेली ओळ

वाद्यवृंदाच्या कचेरीत सगळे त्यांना लेखनिकबाई म्हणत. संचालकांसमोरच्या मूळ स्वरलिपीतून प्रत्येक वादकाचा भाग वेगळा उतरवून देणे, हे त्यांचे सत्तावीस वर्षांचे व्रत. पान कुठे संपवावे हा त्या विद्येचा गाभा. जिथे वादकाला विश्राम आहे, हात मोकळा आहे, तिथेच पान उलटण्याची वेळ यावी. त्यांच्या कागदापायी कुणी कधी अडखळला नव्हता. या गोष्टीचा अभिमान त्या लपवीत नसत आणि मिरवीतही नसत.

त्या वर्षी वाद्यवृंदाने एक जुना रॉक ऑपेरा रंगमंचावर आणायचे ठरवले. दीपगृहाच्या रखवालदाराची ती कथा एकेकाळी गिटार घेतलेल्या चार तरुणांनी गाजवली होती. आता बासष्ट वादकांसाठी तिची नवी स्वरलिपी सिद्ध झाली होती, सगळी हस्तलिखित. आणि गायला पाहुणे बोलावले होते. मुख्य पाहुणा त्या चौघांपैकीच एक, आता पासष्टीला टेकलेला. सगळे त्यांना दादा म्हणत.

शुक्रवारच्या तालमीत बाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. शेवटच्या गाण्यातला सर्वांत उंच स्वर जवळ आला की दादा माइक दूर नेत आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्यांना ‘तुम्ही म्हणा’ अशी खूण करीत. वादक गालांत हसले. बाई हसल्या नाहीत. मधल्या सुटीत त्या थेट दादांच्या खोलीत गेल्या.

“दादा, ते गाणं दोन पट्ट्या खाली घेऊ या.”

“लोक म्हणतील, म्हातारा झाला.”

“लोकांच्या हातात स्वरलिपी नसते.”

दादा आरशाकडे पाहत राहिले. “आणि एवढ्या जणांचे कागद? सोमवारी रंगीत तालीम आहे, बाई.”

“ते माझ्यावर सोडा.”

संचालकांनी परवानगी दिली, पण अट घालून. “कागदांनी घोळ घातला, तर मी जुन्या पट्टीवर जाईन. आणि त्या पट्टीत दादांना जमलं नाही, तर दुसरा गायक तयार आहे.”

शनिवारी सकाळपासून घरातले जेवणाचे टेबल कागदांनी व्यापले. तपासायला नणंद आली. तिला संगीताचा गंध नव्हता. पण टेलिफोन खात्यात आयुष्य गेल्यामुळे तिच्या नजरेतून एक ठिपकाही सुटत नसे. ती जुन्या आणि नव्या ओळींतले स्वर मोजून पाही.

“वहिनी, तिकडे सतरा, इकडे सोळा. एक गिळलात की!”

“भूक लागली होती.”

रविवारी दुपारी मात्र लेखणी थांबली. रखवालदाराच्या निरोपाच्या शब्दांखालून व्हायोलिनची एक ओळ हळूहळू उतरत जाई. दोन पट्ट्या खाली येताच तिचे शेवटचे स्वर व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेच्याही खाली गेले. ते त्या वाद्यात नव्हतेच.

“मग गाळा तेवढे,” नणंद म्हणाली. “कुणाला कळतंय?”

“मला.”

शेजारी बसणाऱ्या व्हिओलावादकांचे वाद्य व्हायोलिनहून थोडे मोठे, त्याची तार अधिक खोल. या गाण्यात ते बिचारे चाळीस मात्रा एकच स्वर घोळवीत बसत. ओळ त्यांना शोभली असती. पण लेखनिकाने उतरवावे, रचू नये, ही मर्यादा बाईंनी कधी ओलांडली नव्हती. आणि संचालक रविवारी फोन घेत नसत. शेवटी बाईंनी ती ओळ व्हिओलांना दिली आणि संचालकांच्या प्रतीत तिथे लाल पेन्सिलीने ठळक खूण केली.

सोमवारी गाणे सुरू झाले. निरोपाच्या शब्दांखाली व्हिओलांचा गर्द नाद उमटला, आणि संचालकांची छडी थांबली. लाल खूण आता कुठे त्यांना दिसली होती.

“ही ओळ व्हिओलांकडे कुणी दिली?”

बाई पडद्याआडून पुढे आल्या. “मी. व्हायोलिनची तार तिथे संपते.”

“तुमचं काम उतरवण्याचं आहे, बाई.”

“होय, साहेब. म्हणूनच गाळता आली नाही.”

मग मंचाच्या मध्यावरून दादा म्हणाले, “साहेब, तेवढं परत वाजवा ना. ती ओळ खालून आली, की पायाखाली काहीतरी आहे असं वाटतं.”

पुन्हा वाजले. या वेळी दादांनी उंच स्वर पूर्ण कंठाने लावला. माइक जागचा हलला नाही. स्वर विरल्यावर वादकांनी आपापल्या स्टँडवर गज आपटून दाद दिली.

संचालक व्हिओलांकडे वळले. “जरा मोठ्यानं वाजवा हो. इतक्या वर्षांनी मिळालंय, लाजताय कशाला?” मग बाईंकडे न बघता म्हणाले, “हे असंच राहील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कचेरीत आल्या, तेव्हा दाराशी दोन पाहुण्या गायिका उभ्या होत्या.

“माझ्या गळ्याला काही झालेलं नाही हं, बाई,” थोरली म्हणाली, “पण माझं दुसरं गाणं जरा...”

बाईंनी कुलूप काढले, खिडकी उघडली आणि दोघींना खुर्च्या दिल्या.

“बसा. आधी गाऊन दाखवा.”