कापड माझं, खांब त्याचे

तो डेरा माझा होता. आजही सोनपेठकडं कुणाला विचारलं तर लोक म्हणतात, वालूरच्या दोरवाल्याचा. मी भांडून भांडून थकलो. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी मानवतला वाटचालीचं सामान विकायचो. पाण्याच्या छागली, कंदील, घोंगड्या, पडशा, गाडीवर ताणायची जाड कापडं. डोक्यावर गाठोडं घेऊन आठवडी बाजार फिरत सुरुवात केली आणि पुढं स्वतःची गाडी आणि बैल केले. कुणी हात दिला नाही. माझी जीभ आणि माझा संताप, एवढंच भांडवल.

सोनपेठच्या पुढं गोदावरीकाठी एका गावाला पाच दिवसांची जत्रा भरायची. नदीवर अंघोळ करून वर येणारा प्रत्येक माणूस एका कडुलिंबाखालून जायचा. धंद्याला त्याहून चांगली जागा जिल्ह्यात नव्हती. मला मात्र सहा वर्षं कुंभारांच्या गाढवांशेजारी बसावं लागलं. गाढवांनी माझी एक पडशी खाल्ली आणि कुंभार वर मलाच म्हणाला, गाढव आजारी पडलं तर बघून घेईन.

मग लिंबाखालचा मिठाईवाला थकला आणि यायचा बंद झाला. जागा मोकळी झाली. तिथला रिवाज असा, की जत्रेच्या पहिल्या सकाळी सूर्य कासराभर वर येईपर्यंत ज्याचा डेरा लिंबाखाली उभा असेल, त्याची जागा. पाचही दिवस डेरा उभा राहिला तर ती पुढं कायमची त्याची. मध्ये उतरवला, तर गेली. ही संधी हुकली तर जन्म गाढवांपाशी जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्याच साली परभणीला कचेरीच्या आवारात जुन्या सरकारी सामानाचा लिलाव झाला. त्यात साहेबांच्या दौऱ्यावरचा एक डेरा होता. दुपदरी, बाहेरून पांढरा, आतून पिवळा, कडेला लाल पट्टी. मी तो इतक्या स्वस्तात घेतला की माझं मलाच हसू आवरेना. माझा एक नियम होता. सौदा मनासारखा झाला की तिथं थांबायचं नाही, चेहऱ्यावरून लोकांना कळतं. मी डेरा गाडीत टाकला आणि मागं न बघता मानवत गाठलं.

घरी उलगडला तेव्हा कळलं की नुसतं कापड आहे. खांब नाहीत, खुंट्या नाहीत, ताण द्यायचे दोर नाहीत.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी आकांडतांडव केलं. कारकुनानं शांतपणे पान लावलं. "वो तो अलग नग था," तो म्हणाला. "आप तो चले गए थे."

खांब, खुंट्या आणि दोर वालूरच्या दोरवाल्यानं घेतले होते. जत्रेत तोही माझ्यासारखाच मागच्या बाजूला बसायचा, आणि त्याचाही डोळा लिंबाखालीच होता. मी वालूरला गेलो. त्यानं चहा दिला.

"खांबाचं काय घेता?" मी विचारलं.

"तुमी कापडाचं काय घेता?"

"आधी मी विचारलं."

"शेटजी, घर माजं हाय. हितं आधी मी इचारणार."

आमच्या धंद्यात जो आधी आकडा बोलतो तो मेला. आम्ही दुपारपर्यंत बसलो. तीन वेळा चहा झाला. कापूस, बैल, त्याच्या बायकोची कंबर, सगळ्यावर बोललो. आकडा कुणीच बोललं नाही. शेवटी मी उठलो आणि म्हणालो, "तुमच्या खांबांना वाळवी लागो." तो म्हणाला, "सावकाश जा, तवर घरी उंदरं कापड खातील."

मानवतला मी बांबूवर प्रयत्न करून पाहिला. डेरा साहेबाच्या उंचीचा आणि साहेबाच्या वजनाचा. बांबू फुटले आणि सगळा डेरा माझ्या बायकोवर आणि तिच्या निवडायच्या ज्वारीवर बसला. आतून आवाज आला, "आवं, दार कुणीकडं हाय?" दार कुणीकडं आहे ते मलाही माहीत नव्हतं. तिला बाहेर काढेपर्यंत शेजारपाजार जमला होता. त्यानंतर घरात डेऱ्याचं नाव काढायची सोय राहिली नाही.

तरी जत्रेच्या पहिल्या सकाळी मी कापड घेऊन लिंबाखाली हजर झालो. म्हटलं, तिथं काहीतरी सुचेल. दोरवाला माझ्या आधी आला होता. त्यानं खांब रोवले होते, खुंट्या ठोकल्या होत्या, दोर ताणले होते. दोन उंच खांब, त्यावर पितळी टोप्या, वर मोकळं आभाळ. खाली तो मांडी घालून बसला होता.

"हे काय?" मी ओरडलो.

"डेरा," तो म्हणाला. "उबा हाय."

मी त्याच्या शेजारी माझं कापड अंथरलं आणि त्यावर बसलो. "हा डेरा. तुझी ती लाकडं."

गावचे म्हातारे पाटील निवाड्याला आले. सोबत चार शहाणी माणसं. त्यांनी खांबांना फेरी मारली, मग माझ्या कापडाला.

"ह्येचा उबा हाय, पर डेरा न्हाई," एक म्हणाला.

"ह्येचा डेरा हाय, पर उबा न्हाई," दुसरा म्हणाला.

"पाटील, ऊन लागलं तर ह्याच्यात कुठं बसायचं?" मी खांबांकडं बोट दाखवलं.

"आन तुमच्यात?" दोरवाला म्हणाला. "खाली शिरायचं?"

सूर्य वर चढत होता. पलीकडं एक भांडीवाला आपली फाटकी राहुटी गाडीतून उतरवताना मला दिसला. दोरवाल्यालाही दिसला. आमची नजरानजर झाली. पाटील म्हणाले, "आरं, ते कापड ह्या लाकडावर टाका की दोगं मिळून. का त्यो भांडेवाला बसल्यावर टाकताव?"

टाकलं. मधोमध घोंगडी टांगून दोन भाग केले. जागा आमची झाली. मी उगवतीकडचा भाग घेतला, कारण पहिलं गिऱ्हाईक तिकडूनच येणार होतं.

गिऱ्हाईक आलं नाही. नदीवरून माणसं वर यायची, लाल पट्टीचा पांढरा डेरा बघायची आणि लांबून वळसा घालून जायची. त्या दिवसांत साहेबाचा डेरा पडला की आसपासच्या गावांनी लाकूड, दूध, कोंबड्या पोचवायच्या आणि पैशाचं नाव काढायचं नाही, अशी रीत होती. कुणाला पकडून वेठीला लावतील याचाही नेम नसे. दुपारपर्यंत शेजारच्या गावचा पाटील दोन कोंबड्या, दुधाची चरवी आणि सरपणाची मोळी ठेवून गेला. मी मागं धावलो, तर तो आणखी जोरात पळाला.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन माणसं आली. एकाची विहीर भावानं बळकावली होती. मी म्हणालो, "बाबा, मी छागली विकतो. छागल घे." तो हात जोडून म्हणाला, "सरकार म्हनतील तर घेतो, पर हिरीचं बगा." मी चिडलो, छागल आपटली, त्याच्या सात पिढ्या काढल्या. मागची माणसं एकमेकांना म्हणाली, "लय कडक सायब हाय. न्याव व्हईल." आणि रांग वाढली.

घोंगडीपलीकडून दोरवाला म्हणाला, "मालक, हळू बोला. तुमी जेवढं वरडायलाव तेवढी माजी गिऱ्हाइकं पळायलीत."

"तुझी? कुठली?"

तिसऱ्या दिवशीही एक दोर गेला नाही, एक कंदील गेला नाही. डेरा उतरवावा तर जागा जाते, ठेवावा तर पोट जातं. दोरवाला हिशेबी माणूस, तो कोंबड्यांना दाणे टाकत बसला. माझ्यानं बसवेना. मी बाहेर पडलो. वाटेच्या कडेला एक म्हातारी वांग्याचा ढीग लावून बसली होती. मला बघताच तिनं पदरात भरून वांगी पुढं केली.

"काय भाव, मावशी?"

"घिऊन जावा, सरकार."

"अगं, दोन पैसे घे."

"नगं मायबाप."

"तीन घे."

"लेकराबाळाची हाय मी सरकार, पैसे नगं देऊ."

"चार घे म्हणतो ना!"

ती रडायला लागली. आयुष्यभर मी भाव खाली ओढत आलो. वर चढवायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि तीही चार वांग्यांसाठी. भोवती माणसं जमली होती, दबकून, लांबून. माझं डोकं फिरलं. "तुला वाटेल ते माग," मी किंचाळलो, "पण माग!"

म्हातारीनं डोळे पुसले. माझ्याकडं नीट पाहिलं. "मग दोन आने टाका."

"दोन आणे? ह्या वांग्यांचे? हे किडकं, हे वाकडं, ह्याचं देठच गेलंय! दिवसाढवळ्या दरोडा घालतीस? सहा पैसे देतो, त्यात मूठभर मिरच्याही टाक!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "आरं, ह्यो घासाघीस करायलाय! सायब कुटं भाव करत असतोय का? ह्यो तर बेपारी हाय."

"छागली इकतो म्हनत व्हता," दुसरा म्हणाला. "खरंच इकत असंल."

लोक डेऱ्याकडं निघाले. मी म्हातारीशी मिरच्यांवरून भांडत होतो तेवढ्यात दोरवाल्यानं घोंगडी बाजूला सारली आणि माझ्या गिऱ्हाइकांना दोर दाखवायला लागला. मला तिथून दिसत होतं. डेरा पाचव्या दिवशीही उभा राहिला. जागा कायमची झाली, पण अर्धी. गिऱ्हाईक मी आणलं, आणि त्यानं तोंडातून एक शब्द न काढता निम्मं नेलं.

म्हातारी मात्र त्या दिवशी दोन आण्यांवरून हलेना.

"आता तर साहेब नाही ना मी," मी म्हणालो. "मग कमी कर की."

"सायब असतास तर फुकट दिली असती," ती वांगी परत ढिगात ठेवत म्हणाली. "बेपारी हायस नव्हं? मग टाक दोन आने."

टाकले. मिरच्या दिल्या नाहीत.